किरणोत्सर्ग, वन्यजीव आणि परिसंस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुभट्टी, युरेनियमची खाण किंवा अणुअपघात असा विषय निघाला की चर्चा लगेच माणसाच्या आरोग्याकडे वळते. त्यात गैर काही नाही. पण त्याच परिसरातल्या बेडकाचे, माशाचे, झाडाचे किंवा मधमाशीचे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर माणसावरून काढता येत नाही. या विषयावर वाचक पुन्हापुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

माणूस सुरक्षित असेल तर बाकीची जीवसृष्टीही आपोआप सुरक्षित राहत नाही का?

अनेक वर्षे जगभर असेच मानले जात होते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या १९९०च्या शिफारशींचा आशय असा होता, की माणसाच्या रक्षणासाठी जी बंधने पाळली जातात तेवढ्याने इतर प्रजाती धोक्यात येणार नाहीत. एखाद्या प्राण्याला इजा होईल, पण प्रजातीला होणार नाही.

या समजुतीतली उणीव चेर्नोबिलने उघडी पाडली. युक्रेनमधल्या त्या अणुवीज केंद्रात २६ एप्रिल १९८६ला झालेल्या स्फोटानंतर भोवतालच्या गावांतली माणसे बसमध्ये बसवून हलवण्यात आली आणि त्यामुळे त्यांना पुढे मिळू शकणारी किरणोत्सर्गाची मात्रा टळली. पाइनची झाडे मात्र जागची हलू शकत नव्हती. म्हणजे माणसाचे रक्षण बहुतेक वेळा माणसाला दूर नेऊन, मासेमारी थांबवून किंवा दूध ओतून देऊन होते. पण मासा त्याच पाण्यात राहतो आणि गवत त्याच मातीत उगवते. शिवाय समुद्राचा तळ किंवा निर्मनुष्य जंगल अशा जागी माणूस मुळात नसतोच, तेव्हा तिथे माणसाची मर्यादा लावायची तरी कोणाला? आयोगाने २००७च्या शिफारशींत भूमिका बदलली आणि पर्यावरणाचे रक्षण झाले असेल तर ते स्वतंत्रपणे दाखवता आले पाहिजे, हे मान्य केले. हा बदल फार उशिरा झाला, असे आम्हाला वाटते.

प्राण्यांसाठी ‘सिव्हर्ट’ हे एकक का वापरत नाहीत?

कारण सिव्हर्ट हे माणसासाठी बेतलेले एकक आहे. मानवी अवयवांची संवेदनशीलता आणि माणसाला कर्करोग होण्याची शक्यता त्यात गृहीत धरलेली असते. प्राणी आणि वनस्पती यांच्याबाबतीत ‘ग्रे’ हे एकक वापरतात. शरीराच्या एक किलो वस्तुमानात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे मात्रा मिळाली. वन्यजीवांविषयीचा एखादा अहवाल केवळ मिलिसिव्हर्टमध्ये बोलत असेल, तर तो वन्यजीवांविषयी काहीच सांगत नाही, असे खुशाल समजावे.

सगळे जीव किरणोत्सर्गाला सारखेच संवेदनशील असतात का?

नाही, आणि फरक थोडाथोडका नसून हजारो पटींचा आहे. सस्तन प्राणी थोडक्या काळात मिळालेल्या काही ग्रे मात्रेने दगावतात. कीटकांना त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते, आणि शेवाळे व जीवाणू त्याहूनही चिवट असतात. झाडे कणखर असतील असा आपला अंदाज असतो. पण पाइनसारखी सूचीपर्णी झाडे जवळजवळ सस्तन प्राण्यांइतकीच नाजूक ठरतात. त्यांच्या पेशींतील केंद्रक आणि गुणसूत्रे मोठी असणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

चेर्नोबिलच्या भट्टीपासून जवळ असलेले पाइनचे जंगल स्फोटानंतर काही आठवड्यांतच तांबूस-तपकिरी पडले. हिरव्या सुया झाडावरच वाळल्या आणि त्या रंगावरून त्या पट्ट्याला ‘लाल जंगल’ हे नाव मिळाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याच पट्ट्यात बर्चची झाडे तग धरून राहिली (आपण भूर्जपत्र म्हणतो ते झाड याच कुळातले). पुढे मेलेले पाइन बुलडोझरने पाडून चरांमध्ये पुरण्यात आले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बर्च पसरला. जंगल नष्ट झाले असे म्हणता येत नाही, पण ते पूर्वीचे जंगलही राहिले नाही.

येथे आणखी एक बाब सांगितली पाहिजे. जीव मरतो की नाही, हा संवर्धनाच्या दृष्टीने शेवटचा प्रश्न आहे. मृत्यू येण्याच्या कितीतरी आधी, बऱ्याच कमी मात्रेला, प्रजननक्षमता घटते. अंडी कमी उबतात, परागकण वांझ निघतात, पिलांची संख्या रोडावते. म्हणून वन्यजीवांच्या बाबतीत पाहणी करायची ती मेलेल्या प्राण्यांच्या मोजणीने नव्हे, तर घरटी, अंडी, बी आणि पिले यांच्या मोजणीने.

प्रजाती लाखो आहेत. प्रत्येकीचा अभ्यास कसा करणार?

तो शक्य नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये बारा ‘संदर्भ जीव’ ठरवले. हरीण, उंदीर, बदक, बेडूक, मधमाशी, गांडूळ, ट्राउट मासा, चपटा मासा, खेकडा, पाइन, रानगवत आणि तपकिरी समुद्रशैवाल असे ते बारा आहेत. यातला चपटा मासा म्हणजे आपल्या कोळणीच्या पाटीतला लेप, असे समजायला हरकत नाही. तो का निवडला, हे लेप बाजारातून आणून ताटलीत ठेवला की कळते. दोन्ही डोळे एकाच अंगाला, ते अंग वाळूच्या रंगाचे आणि दुसरे अंग पांढरेफटक, कारण आयुष्यभर ते तळाला टेकलेले असते. समुद्रात पडलेला किरणोत्सारी पदार्थ गाळात बसतो तेव्हा पाण्याच्या वरच्या थरात पोहणाऱ्या माशापेक्षा हा मासा त्याच्या कितीतरी जवळ असतो.

बारा जीवांचा हा संच बहुतांशी थंड प्रदेशांकडे पाहून तयार झालेला आहे. त्यात खारफुटी नाही, प्रवाळ नाही, सरपटणारे प्राणीही नाहीत. उष्ण कटिबंधातल्या देशांनी आपल्या परिसंस्थांना साजेसे जीव त्यात जोडून घ्यावेत. चौकट त्यासाठी मोकळी ठेवलेली आहे.

मग किती मात्रा धोक्याची मानावी?

एकच रेषा आखता येत नाही, पण काही टप्पे उपयोगी पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीच्या मते, सर्वाधिक मात्रा मिळणाऱ्या प्राण्यालाही सातत्याने तासाला १०० मायक्रोग्रेपेक्षा कमी मात्रा मिळत असेल, तर जमिनीवरच्या बहुतेक प्राणिसमूहांवर लक्षणीय परिणाम होण्याची शक्यता कमी असते. जलचरांसाठी हाच आकडा तासाला ४०० मायक्रोग्रे असा धरला जातो. युरोपात ‘एरिका’ या प्रकल्पात तयार झालेली मूल्यमापनाची पद्धत याहून सावध आहे. तीत नैसर्गिक पातळीच्या वर तासाला १० मायक्रोग्रे हा चाळणीचा आकडा मानतात. त्याच्या खाली असेल तर सहसा पुढे खोलात जात नाहीत, त्याच्या वर असेल तर सविस्तर तपासणी करतात. तासाला १० मायक्रोग्रे म्हणजे वर्षाला सुमारे ८८ मिलिग्रे होतात.

आयोगाने आपल्या बारा जीवांसाठी दिवसागणिक पट्टे दिले आहेत. हरीण, उंदीर, बदक आणि पाइन यांच्यासाठी दिवसाला ०.१ ते १ मिलिग्रे. बेडूक, मासे, गवत आणि समुद्रशैवाल यांच्यासाठी १ ते १०. मधमाशी, खेकडा आणि गांडूळ यांच्यासाठी १० ते १००. पट्ट्यात आकडा आला म्हणजे हानी झालीच, असा याचा अर्थ नाही. तिथे थांबून विचार करावा, असा आहे.

हे आकडे समूहासाठी आहेत, हे विसरू नये. ज्या प्रजातीचे मोजकेच जीव उरले आहेत तिथे एका मादीची वीण वाया जाणे हेही समूहाचेच नुकसान असते, आणि तिथे समूहाच्या सरासरीवर विसंबून चालत नाही.

चेर्नोबिलमध्ये लांडगे आणि घोडे वाढले आहेत. म्हणजे किरणोत्सर्गाचा बाऊच केला गेला, नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. प्राणी वाढले, ही वस्तुस्थिती आहे. बेलारुसच्या हद्दीतल्या राखीव क्षेत्रातील दीर्घकालीन गणनेवर आधारलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एल्क, हरणे आणि रानडुकरे यांची संख्या किरणोत्सर्गाने न बाधलेल्या अभयारण्यांइतकीच आढळली, तर लांडगे सात पटींहून अधिक होते. युक्रेनच्या बाजूला १९९८ पासून सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे दुर्मीळ घोडेही तिथे रुळले आणि त्यांची वीण वाढली.

यातून निघतो तो निष्कर्ष माणसाविषयीचा आहे. शेती, शिकार, रस्ते आणि वृक्षतोड यांचा ताण या प्राण्यांवर उरलेल्या किरणोत्सर्गापेक्षा मोठा होता, एवढेच त्यावरून म्हणता येते. किरणोत्सर्ग निरुपद्रवी होता, असे त्यावरून म्हणता येत नाही. त्याच प्रदेशात अँडर्स मोलर आणि टिमोथी मुसो या जीवशास्त्रज्ञांना अधिक दूषित भागांत पक्षी आणि कीटक कमी आढळले, आणि माळभिंगऱ्यांच्या पिसांत पांढरे डाग जास्त दिसले. त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि हा वाद मिटलेला नाही. आमच्या मते दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात, कारण मोठ्या सस्तन प्राण्यांची संख्या सांभाळली जाते म्हणून प्रत्येक प्राणी निरोगी आहे असे ठरत नाही. शिवाय बाहेरून येणारे प्राणी तूट भरून काढत असतात.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. त्या भागातल्या वन्यजीवांसाठी आज मोठी जोखीम वणव्याची आहे. एप्रिल २०२० मध्ये तिथे मोठे वणवे पेटले. झाडांत आणि पाचोळ्यात अडकलेले किरणोत्सारी सिझियम धुराबरोबर पुन्हा हवेत उडते. म्हणून जाळरेषा राखणे आणि पहारा ठेवणे ही तिथल्या संरक्षणाची खरीखुरी कामे आहेत.

किरणोत्सारी पदार्थ प्राण्याच्या अंगात जातो कसा?

मुख्यतः अन्नातून; आणि कोणते अन्न, यावर सगळे अवलंबून असते. आपल्या गोडा मसाल्यातले दगडफूल हातात घेऊन पाहा. कागदासारखे हलके, एका बाजूने राखाडी, दुसरीकडे काळपट. आणि मूळ नाही. मूळ नसल्यामुळे ते पोषण मातीतून न घेता पावसातून आणि धुळीतून घेते. याच वर्गातली वेगळी जात उत्तर नॉर्वे आणि स्वीडनच्या माळांवर पसरलेली असते आणि हिवाळ्यात रेनडियर प्रामुख्याने तिच्यावरच जगतात. चेर्नोबिलचा ढग तिथवर गेला, पावसाबरोबर सिझियम-१३७ खाली आले, आणि त्या दगडफुलाने ते टिपकागदासारखे शोषून घेतले. हिवाळ्यात रेनडियरच्या मांसात सिझियम चढू लागले आणि सामी या तिथल्या आदिवासी पशुपालकांच्या पिढीजात उपजीविकेवर गदा आली. नॉर्वेला १९८६च्या नोव्हेंबरात रेनडियरच्या मांसासाठीची मर्यादा किलोमागे ६००० बेक्रेलपर्यंत (सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेक्रेल) वाढवावी लागली, ती यासाठीच.

तिथे योजलेले उपाय साधे आणि परिणामकारक होते. कत्तलीचा हंगाम अलीकडे ओढून शरद ऋतूत आणला, म्हणजे जनावरे दगडफुलावर जाण्याच्या आत. काही कळपांना काही आठवडे स्वच्छ चारा दिला, कारण रेनडियरच्या शरीरातून सिझियम बऱ्यापैकी लवकर बाहेर पडते. चाटायच्या मिठाच्या विटांत ‘प्रशियन ब्लू’ हे निळे रंगद्रव्य मिसळले. ते आतड्यातच सिझियमला पकडते आणि शेणावाटे बाहेर नेते. आणि जिवंत जनावराच्या मागच्या मांडीला मापक टेकवून वाचन घेण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे मारल्यावर मांस फेकून देण्याची वेळ येऊ नये.

जर्मनीतल्या बव्हेरियात रानडुकरांची गोष्ट याच्या उलट आहे. हरणांतले सिझियम वर्षागणिक उतरत गेले, पण रानडुकरांत ते अजूनही ६०० बेक्रेलच्या मर्यादेपुढे सापडते. ही डुकरे जमीन उकरून एक प्रकारची भूमिगत अळंबी खातात, आणि मातीत हळूहळू खाली झिरपणारे सिझियम आता त्या थरात पोहोचले आहे. २०२३च्या एका अभ्यासानुसार त्यातला बराच वाटा चेर्नोबिलचा नसून साठच्या दशकापर्यंतच्या अणुचाचण्यांचा आहे. सिझियम-१३७चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षांचे, म्हणजे त्या चाचण्यांतल्या सिझियमपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास अजून शिल्लक आहे.

दूषित माती आणि झाडे काढून टाकली की प्रश्न सुटत नाही का?

कधी सुटतो, कधी दुसराच उभा राहतो. मार्च २०११च्या अणुअपघातानंतर जपानच्या फुकुशिमा प्रांतात घरे, शाळा आणि शेते यांच्यावरची माती खरवडून काढली गेली; साठवणुकीत गेलेल्या मातीचे घनफळ १ कोटी ३० लाख घनमीटरांहून अधिक आहे. पण त्या प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे. तिथे घरांपासून साधारण २० मीटरच्या पट्ट्यातला पाचोळा काढला आणि उरलेल्या जंगलाला हात लावला नाही.

आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. जंगलाच्या जमिनीचा वरचा वीतभर थर म्हणजे बी, बुरशी, गांडुळे आणि किडे यांचे घर. तो खरवडला तर उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्यात जाते आणि सिझियमही तिच्याबरोबर खाली जाते. किरणोत्सर्गाने जेवढी हानी झाली नसती तेवढी उपायाने होते. लाल जंगलातल्या चरांत पुरलेल्या झाडांमधून स्ट्राँशियम-९० भूजलात उतरत असल्याचे तिथल्या अभ्यासांत दिसले आहे. हस्तक्षेप करण्याआधी त्या जागेवरच्या जीवांना मिळणारी मात्रा मोजावी आणि हस्तक्षेपाचे नुकसान तिच्याशी ताडून पाहावे.

फुकुशिमाचे पाणी समुद्रात सोडले, त्याचे काय?

ऑगस्ट २०२३ पासून प्रक्रिया केलेले पाणी सौम्य करून सोडले जात आहे. त्यातल्या ट्रिटियमची (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) मर्यादा लिटरला १५०० बेक्रेल आणि वर्षाला २२ लाख कोटी बेक्रेल अशी आहे. ट्रिटियमचे किरण दुबळे असतात आणि ते माशात सिझियमसारखे साठत नाही. सोडण्यापूर्वीच्या मूल्यमापनात चपटा मासा, खेकडा आणि तपकिरी शैवाल यांची मात्रा वेगळी काढली होती आणि ती आयोगाच्या पट्ट्यांच्या फार खाली आली. निकालाविषयी कोणाचे काहीही मत असो, जलचरांचा हिशेब आधी आणि उघडपणे मांडला गेला, ही पद्धत अनुकरणीय आहे.

भारतात वन्यजीवांवर असा अभ्यास झाला आहे का?

केरळच्या चवरा-करुनागपल्ली किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम असते, आणि त्यामुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांच्या अनेक पट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील हान्स ग्रुनबर्ग यांच्या पथकाने साठच्या दशकात तिथले उंदीर पकडून त्यांची हाडे व दात मोजले आणि बाहेरच्या उंदरांशी ताडून पाहिले. किरणोत्सर्गाला जबाबदार धरता येईल असा ठळक फरक त्यांना आढळला नाही. वन्य सस्तन प्राण्यांवरच्या जगातल्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी हा एक आहे.

महाराष्ट्रात काय मोजले जाते?

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते; ती केंद्र सुरू होण्याआधीच उभारतात, म्हणजे आधीची पातळी कळते. पाणी, गाळ, मासे, दूध, भाजी, गवत यांचे नमुने तिथे तपासले जातात. शेळीची अवटू ग्रंथीही तपासतात, कारण गवतावर पडलेले आयोडीन-१३१ चरणाऱ्या शेळीच्या त्या इवल्याशा ग्रंथीत गोळा होते आणि गवतात न सापडणारा अंशही तिथे सापडू शकतो.

प्रसिद्ध होणारे आकडे मात्र मुख्यतः माणसाला मिळणाऱ्या मात्रेचे असतात. जनतेसाठीची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. नमुने हाती असताना त्याच माशाची, त्याच खेकड्याची स्वतःची मात्रा काढून छापणे अवघड नाही, आणि ते व्हायला हवे. ट्रॉम्बेच्या केंद्रातले प्रक्रिया केलेले अल्प किरणोत्सारी सांडपाणी मुंबई बंदराच्या उपसागरात जाते. तिथला चिकणमातीचा गाळ सिझियम घट्ट धरून ठेवतो. लगतच्या ठाणे खाडीत २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खाणारा पक्षी, कालवे आणि खारफुटीची मुळे या तिघांचे आकडे लोकांसमोर नियमित आले, तर शंका आणि अफवा दोन्ही कमी होतील.

युरेनियमच्या खाणीचा वन्यजीवांना धोका कोणत्या स्वरूपाचा असतो?

खनिजातले युरेनियम काढून घेतले तरी मूळ किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के भाग उरलेल्या गाळातच राहतो, आणि त्यातल्या रेडियम-२२६चे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे. झारखंडमधील जादूगुडा येथे १९६७ मध्ये खाण सुरू झाली आणि असा गाळ तलावांत साठवला जातो. त्या तलावांवर पाणपक्षी उतरू नयेत, गुरे चरू नयेत आणि पावसाळ्यात बांध ओसंडू नये, एवढ्या तीन गोष्टी वर्षानुवर्षे सांभाळणे हेच मुख्य संरक्षण. युरेनियम रासायनिक दृष्ट्याही मूत्रपिंडाला विषारी असते, हे सहसा विसरले जाते.

तेलंगणातील अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सुमारे ८३ चौरस किलोमीटरमध्ये युरेनियमच्या सर्वेक्षणाला २०१९ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली तेव्हा चेंचू आदिवासींसह अनेकांनी विरोध केला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याच्या विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. तिथे पहिली हानी किरणांनी झाली नसती. ती विंधनयंत्रे नेण्यासाठी काढलेल्या रस्त्यांनी झाली असती.

मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या, हाही याच विषयाचा भाग आहे का?

नाही. किरणोत्सारी पदार्थांचे किरण अणूमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात; टॉवरच्या लहरी तसे करू शकत नाहीत. त्यामुळे वरचे ग्रे, बेक्रेल यांचे हिशेब त्यांना लागू होत नाहीत. चिमण्या कमी होण्यामागे वळचणीची घरे जाणे, पिलांना भरवायला अळ्या न मिळणे ही कारणे अधिक ठोस आहेत.

अणुवीज प्रकल्पाच्या जनसुनावणीत वन्यजीवांविषयी नेमके काय विचारावे?

पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे २००६च्या अधिसूचनेनुसार बंधनकारक आहे, तो आधी मागून घ्यावा. मग विचारावे : संदर्भ जीव कोणते धरले, आणि खारफुटी, कालवे, कासवे यांचा समावेश का केला किंवा का केला नाही? त्यांची मात्रा ग्रेमध्ये काढली आहे का? प्रकल्पाआधीच्या पातळीचे नमुने पावसाळा धरून किमान वर्षभर घेतले का? भट्टीचे गरम पाणी जिथे सोडणार तिथे माशांची वीण कोणत्या महिन्यांत होते? हा शेवटचा प्रश्न किरणोत्सर्गाचा नाही, पण नेहमीच्या कामकाजात किनाऱ्यावरच्या माशांना जाणवतो तो बहुधा उष्णतेचाच ताण, आणि वीण कधी होते याचे उत्तर त्या सभेत बसलेल्या मच्छीमारांना तज्ज्ञांपेक्षा चांगले ठाऊक असते. ते उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले गेले आहे की नाही, हे सभा संपण्यापूर्वी पाहून घ्यावे.